अपेक्षित उत्तर : गाय

३ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प : पुढील सोमवारचा परीक्षा पाठ निर्दोष झालाच पाहिजे. तो पार पडला की प्राथमिक शिक्षणाची पदविका. पदविका हाती आली की जूनपासून नोकरी, तसा शब्द एका शाळेने दिला आहे. एम.ए.ला विद्यापीठात पहिली आलेल्या व्यक्तीला दुसरीच्या वर्गापुढे गाय अवघड जाऊ नये.
टाचण तयार. एकही विरामचिन्ह चुकलेले नाही. प्रश्न : आपल्याला दूध कोण देते? अपेक्षित उत्तर : गाय. घटकाचे नाव मुलांच्याच तोंडून यावे, मगच फळ्यावर शीर्षक लिहावे, असा नियम आहे. क्षुल्लक बाब.

४ फेब्रुवारी
सराव पाठ, पेठ वडगाव. दूध कोण देते? वर्ग ओरडला, म्हस! आणखी कोण देते? सम्राट म्हणाला, शेजारच्यांची म्हस.
शुद्ध रूप 'म्हैस' आहे, हे सांगणे माझे कर्तव्य होते. सर्वांकडून वदवून घेतले. घंटा झाली. चार संध्याकाळी खपून रंगवलेल्या गायीचा तक्ता गुंडाळलेलाच राहिला.
दोष मुलांच्या पूर्वज्ञानाचा.

५ फेब्रुवारी
प्रश्न अधिक काटेकोर केला. चार पाय, दोन शिंगे, दूध देते, परंतु म्हैस नाही. असा प्राणी कोणता?
शेळी.
शेवटी मीच गाय म्हटले. राजवर्धन म्हणाला, गाईचं दूध पाण्यावानी असतंय ओ बाई, चा बी हुत न्हाय.
मार्गदर्शक अनुजा मॅडम म्हणाल्या, मग म्हैसच घ्या की. हुपरीहून येणारी माझी वर्गमैत्रीण क्रांती म्हणाली, काळा रंग मार, शिंगं वाकीव, झाली म्हस! सगळे हसले. प्रश्न तत्त्वाचा आहे. टाचणात गाय आहे.

७ फेब्रुवारी
मधल्या सुट्टीत वर्गाची तालीम घेतली. मी प्रश्न विचारून हात वर केला, की सर्वांनी स्पष्ट उच्चारात 'गाय' म्हणायचे. याला कोणी घोकंपट्टी म्हणेल. मी दृढीकरण म्हणते. मुलांनी कमालीचा उत्साह दाखवला. क्रांती म्हणाली, अगं, पोपट करून ठेवलास की पोरांचं! मत्सर, दुसरे काय.
उद्या-परवा विश्रांती. यश निश्चित.

१० फेब्रुवारी, सोमवार
परीक्षक वयस्कर, मागच्या बाकावर बसले. पहिला प्रश्न : सकाळी तुम्हांला कोण उठवते? माझा हात सवयीने वर गेला.
गाय!
डबा कोण भरून देते? गाय! हात खाली घेतला. तरीही, शाळेत कोण सोडते? गाय!
मग दूध कोण देते? सम्राटने विचारले, बाई, आता खरं सांगू का गाय म्हनू?
परीक्षकांनी रुमालाने डोळे पुसले, उभे राहिले, हात वर केला आणि विचारले, बाळांनो, तुम्हांला शिकवतं कोण?
संपूर्ण वर्ग, एका सुरात : गाय!
शेरा : पुढील सत्रात पाठ पुन्हा घ्यावा. जूनला येऊ शकत नाही, असे शाळेला कळवले. जागा राखून ठेवू, असे काही त्यांनी म्हटले नाही.
उच्चार मात्र एकाचाही चुकला नाही.

११ फेब्रुवारी
क्रांतीकडून काळा रंग आणला. शिंगे जमत नाहीत.