बरणीतलं चाळिसावं माप

१४ ऑक्टोबर १९६३, सोमवार
आलं: बंदुकीच्या दारूचा डबा — अडीच डॉलर. काडतुसाच्या टोप्या, शंभर — नव्वद सेंट. शिसं टायरवाल्याच्या भंगारातून, फुकट. ते वितळलं की मळी वर यायला मेण लागतं — चर्चमधल्या मेणबत्त्यांची बुडखं. (विचारून आणली. दुसऱ्यांदा.)

गोळ्या ओतल्या. पहिल्या बारा सुरकुतल्या, साचा नीट तापला नव्हता. परत भांड्यात. माझ्या सुरकुत्यांना अशी सोय नाही!

ऑरविल खुर्चीतून बघत होता. एप्रिलात झटका आल्यापासून उजवा हात लुळा. त्याआधी तीस वर्षं बायकोनं काडतुसं भरायच्या या टेबलाला फडकंसुद्धा लावायचं नाही, असा नवऱ्याचा दंडक. आज म्हणाला, "सेल्मा, एक तरी मला भरू दे."

"सांडशील. डबा काय आभाळातून पडतो?"

मी चाळीस मापं दारू मोजून बरणीत काढली. चाळीस काडतुसं, चाळीस मापं; शेवटी बरणी रिकामी की काम चोख. ही युक्ती त्याला तीस वर्षांत सुचली नाही, हे त्याला दोनदा सांगितलं.

१५ ऑक्टोबर
वीस भरली. काडतुसात गोळी दाबून बसवायच्या प्रेसचा दांडा ओढून खांदा गेला.

२० ऑक्टोबर, रविवार
उपासनेनंतर ती वीस पाळकसाहेब एंगडाल यांना दिली. उद्या ते डोंगरात हरणांच्या शिकारीला निघणार. त्यांची रायफल आमच्यासारखीच, लिव्हरची. सगळ्यांदेखत म्हणाले, "सेल्माबाई, हात असावा तर असा!" गर्व हे पाप. पण घरी पोचेपर्यंत केलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
उरलेली वीस भरायला बसले. एकोणीस झाली — आणि बरणी रिकामी!

म्हणजे कुठल्या तरी एकात मी दोन मापं ओतली. शिशाच्या गोळीला दारू थोडी लागते, दुप्पटही आत मावते, बाहेरून कळत नाही. झाडली की रायफल तोंडावर फुटते. एकोणीसही फोडून पाहिली. ठीक. म्हणजे ते पाळकसाहेबांकडे! प्रभू, पाळकाला नेऊ नकोस — निदान माझ्या काटकसरीनं तरी नको.

ऑरविलला काही बोलले नाही. आजारी माणसाला घोर नको, असं स्वतःला समजावलं. खरं कारण माझं नाक. "पाळकसाहेबांच्या तळावर केक देऊन येते," म्हटलं. चौदा मैल स्तोत्रं म्हणत गाडी हाकली. घाटात एक कडवं चुकलं, ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. जसा काही प्रभू चुका मोजत बसला होता!

पाळकसाहेब शेकोटीशी मोजे वाळवत बसले होते.

"एकही झाडू नका!" मी गाडीतूनच ओरडले.

"अहो, झाडू कशावर? दोन दिवसांत खारसुद्धा दिसली नाही!"

वीसच्या वीस परत घेतली आणि तिथेच रडले. त्यांना काय करावं सुचेना. केक त्यांनी एकट्यानं संपवला.

२३ ऑक्टोबर
ती वीसही फोडली. प्रत्येकात एकच माप. मग चाळिसावं गेलं कुठं? बरणी तीनदा उपडी केली. काही नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
पाळकसाहेब डोंगरातून हात हलवत परत आले, आणि कॉफी पिता पिता ऑरविलसमोर सगळं हसत सांगून मोकळे झाले. मी चुलीकडे तोंड करून उभी.

ऑरविल पांढराफटक. डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातून एक काडतूस काढून टेबलावर ठेवलं. गोळीच्या कडेला पोचा, पण बसलेली घट्ट.

"तू सोमवारी चर्चच्या बायकांत गेलीस ना, तेव्हा खणातलं जुनं कवच घेऊन बरणीतल्या एका मापानं भरलं," म्हणाला. "अडीच तास लागले. तू चिडशील म्हणून बोललो नाही."

पाळकसाहेब टोपी उचलून निघाले.

२६ ऑक्टोबर
प्रेसच्या कंपनीला पत्र टाकलं: दांडा डाव्या हाताला बसवून मिळतो का? माझ्या नवऱ्यासाठी हवा आहे, टेबल त्याचं आहे. कृपया उलट टपाली कळवावे.