गॅरेज देवश्रीच्या नावे

मी, सहदेव कुशाबा उतेकर, वय वर्षे सत्तर, निवृत्त फिटर, मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, सध्या राहणार महाड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. गुडघा ठिकाणावर नाही, पण या कामाला गुडघा लागत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. मुलाने दोनदा गळ घातली होती, ती मी मानलेली नाही. यापूर्वी असा कोणताही दस्त मी केलेला नाही.

कलम १. राहते घर स्वकष्टार्जित आहे. औद्योगिक वसाहतीत तेहतीस वर्षे पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करून ते बांधले. वरचा मजला माझी पत्नी विनोदिनी हिने हयातभर वापरावा व तिच्या पश्चात तो मुलगा रुचिर याचा व्हावा. बँकेतील ठेव विनोदिनीची. दागिने तसेही तिचेच आहेत. मी फक्त कपाटाची किल्ली सांभाळत होतो, आणि तीही अधूनमधून हरवत होतो.

कलम २. तळमजल्यावरील गॅरेज, आतील मांडण्या, डबे व हत्यारांसह, माझी सून देवश्री रुचिर उतेकर हिला एकटीला, पूर्ण मालकीहक्काने देत आहे. रुचिरला तेथे मोबाइलच्या दुकानासाठी गाळा भाड्याने द्यायचा होता. तो वाईट मुलगा नाही. रस्त्यालगतची जागा दिसली की कोणालाही तसे वाटेल. पण ती जागा देवश्रीची का, हे त्याला कळावे म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

पूर्वी गॅरेजात माझी प्लायवुडची तीन कपाटे होती. सुतार नको म्हणत असताना मी हट्टाने करून घेतलेली. त्यांत आणि त्यांच्यावर जे मावेल ते कोंबलेले. जुलै २०२१ च्या पुरात सकाळी सहाच्या सुमारास मागच्या घरातल्या बयाबाई पोटमाळ्यावर अडकल्या. त्यांनी कौलांतून हाक मारली, "सहदेवा, दोर हाय ना रे तुझ्याकडं?"

मी म्हणालो, "हाय, आणतो." माझ्याकडे चाळीस मीटर नायलॉनचा दोर होता. गॅरेजात कमरेएवढे पाणी होते. कपाटांची दारे फुगून बसली होती, आणि कोणत्या कपाटात दोर आहे हे मला आठवेना. मी एक दार फोडले, त्यात रंगाचे डबे निघाले. शेवटी गल्लीतल्या पोरांनी साड्यांना साड्या बांधून बाईंना बाहेर काढले. त्या वाचल्या. पुढे कधी त्यांनी दोराचे नाव काढले नाही, आणि तेच मला जास्त लागले. चिखल उपसताना दोर सापडला, फोडलेल्या कपाटाच्या शेजारच्याच कपाटात.

देवश्री एका औषध कारखान्यात स्टोअर सांभाळते. फिटर आणि स्टोअरवाले यांचे वैर ज्यांनी कारखाना पाहिला आहे त्यांना सांगायला नको. एका बेअरिंगसाठी मी स्टोअरच्या खिडकीवर अर्धा अर्धा दिवस भांडलो आहे. त्यामुळे पूर ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, यावेळी मांडणी मी ठरवू का?" तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. विनोदिनी म्हणाली, "तुमचं कारखान्यातलं भांडण माझ्या घरात नको." मग मी मांडणी देवश्रीवर सोडली.

तिने आधी काही विकत आणले नाही. दाराला एक वही बांधली आणि दोन महिने प्रत्येकाला लिहायला लावले, काय काढले आणि किती वेळा. मग ठरवले. प्लायवुड नाही, भोकांच्या लोखंडी अँगलची मांडणी, भिंतीला बोल्टने आवळलेली, खालचा कप्पा जमिनीपासून दोन फूट वर. त्याखाली फक्त चाकांचा पाट, धुऊन घेता येईल अशा सामानासाठी. रोजचे छातीच्या उंचीवर, वर्षातून एकदा लागणारे छताजवळ. झाकणाचे डबे पारदर्शक, म्हणजे उघडून पाहायला नको. थिनर आणि पेट्रोल घरात नाहीच, अंगणात जाळीच्या पेटीत. हत्यारे पत्र्याच्या फळ्यावर, प्रत्येकामागे त्याचीच पांढरी आकृती रंगवलेली.

एका गोष्टीवर मी अडलो. जॅक दोन महिन्यांत एकदाही निघाला नव्हता, तरी तिने तो दाराशी कमरेच्या उंचीवर ठेवला. मी म्हणालो, "तुझ्याच वहीप्रमाणे हा वर जायला हवा."

ती म्हणाली, "बाबा, किती वेळा लागतो एवढंच नाही बघायचं. लागला तर किती घाईनं लागेल, तेही बघायचं." दोर, विजेरी, आग विझवायचा सिलिंडर, सगळे तिने दाराशी आणले. मला पटले होते. तिला तसे सांगितले नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. एका सकाळी मी वरच्या गॅलरीत पाय लांब करून बसलो होतो. समोर शेजारी झकेरियाभाई टेम्पोचे मागचे चाक बदलत होते. गटाराकाठची माती खचली, जॅक निसटला आणि टेम्पो त्यांच्या पायावर बसला. अंगणात त्यांची सून तसनीम एकटी. तिने आमच्या गॅरेजात कधी पाऊल ठेवले नव्हते. मला उठता येईना. मी वरून ओरडलो, "तसनीम, गॅरेज उघडं आहे. दारातून डावीकडे, कमरेएवढ्या कप्प्यात लाल जॅक. खाली पाटावर ठोकळे."

माझे बोलणे संपायच्या आत ती आतून म्हणाली, "दिसला, काका."

मी सांगत गेलो, तिने खाली जाड ठोकळा घालून जॅक लावला, दांडा मारला, उचललेल्या टेम्पोखाली बाकीचे ठोकळे सारले आणि सासऱ्यांना ओढून काढले. हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता. झकेरियाभाई आता पुन्हा कशेडी घाटातून भाडी घेऊन जातात.

जागा कोणाची, याचा निकाल माझ्यापुरता त्या सकाळी लागला.

कलम ३. माझा पुतण्या रितेश याने माझ्या पान्यांच्या संचातील १९ नंबरचा पाना नेला आणि तो संचात कधी नव्हताच असे चारचौघांत सांगितले. तो पाना मी या कलमान्वये त्यालाच देत आहे, म्हणजे निदान यापुढे तो चोरीचा राहणार नाही. बाकीचा संच देवश्रीकडे राहील.

कलम ४. बयाबाई हयात असेपर्यंत पावसाळ्याच्या तोंडाला त्यांच्या पोटमाळ्यावर नवा दोर बांधून द्यावा. हे काम मी गेली चार वर्षे करतो. पुढे रुचिरने करावे.

कलम ५. मृत्युपत्राची अंमलबजावणी रुचिरने करावी. मसुदा त्याला वाचायला दिला होता. त्याने दुसरे कलम दोनदा वाचले आणि तो म्हणाला, "बाबा, मोजमाप लिहा नीट, नाहीतर उद्या तिला त्रास होईल." लांबी अठरा फूट, रुंदी अकरा. त्याच्यावर मी हे काम निर्धास्तपणे सोपवतो.

कलम ६. देवश्रीला गॅरेजाची मांडणी बदलावीशी वाटली तर कोणीही माझे नाव पुढे करून तिला अडवू नये. तिचे काम चोख आहे. मी पाहिलेल्या कोणत्याही फिटरपेक्षा तिला यंत्र आणि माणूस दोन्ही अधिक कळते. हे मी तिला तोंडाने कधी म्हटलेले नाही. आज ती दुपारपाळीला गेली आहे. परतली की सांगणार आहे. माझ्याच्याने झाले नाही, तर हे कलम तिला रुचिरने नव्हे, विनोदिनीने वाचून दाखवावे, सावकाश.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

(सही) सहदेव कुशाबा उतेकर

साक्षीदार:
१. (सही) झकेरिया, टेम्पोमालक, राहणार शेजारी
२. (सही) अवधूत सकपाळ, निवृत्त शिक्षक, राहणार मौजे सव, ता. महाड

ठिकाण: महाड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५