जाळीपासून दोन बोटं

बाबा, तुमच्या ट्रंकेतल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी मी या महिन्यात ऐकून संपवल्या. एकोणीस होत्या. शेवटची संपली तेव्हा रडू वगैरे आलं नाही, राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी गेलेल्या माणसावर रागावू नये असं लोक म्हणतात. त्या लोकांनी त्या कॅसेटी ऐकलेल्या नाहीत.

अकोल्याचं मैदान तुम्ही विसरला नसणार. चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम, साउंडचं काम आपलं, आणि गिटार वाजवायला नागपूरहून पाहुणा आलेला, स्वतःचा अँप, म्हणजे गिटारचा तो जाळीवाला स्पीकरचा खोका, घेऊन. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, अमरावतीहून सामानाच्या गाडीत तुमच्या शेजारी बसून आलेली. दुपारी आवाज तपासताना मी त्याच्या अँपसमोर आपला चेपका माइक लावला. तोच, पडून पडून एका बाजूने दबलेला, ज्यावर तुम्ही फक्त 'हॅलो, हॅलो' करायचात. अँपच्या जाळीपासून दोन बोटं अंतर, आणि स्पीकरच्या मधोमध नाही, जरा कडेला. मधोमध धरला की गिटार कानाला टोचते, कडेला सरकवला की भरून येते. तो माइक मोठ्या आवाजाला डगमगत नाही आणि जवळचं सोडून दूरचं फारसं ऐकत नाही. मंचावर हेच लागतं. गिटारवाल्याने दोनदा तारा छेडल्या, मान हलवली आणि म्हणाला, "बस, यही है." तेवढ्यात तुम्ही आलात.

"काहून वं, जयंतीले हे भंगार लावतं? तेही पाहुन्यासमोर?"

"बाबा, आवाज तर ऐका."

"आवाज मले शिकवू नको. डब्यातला आन."

डब्यातला म्हणजे तो कन्डेन्सर माइक, नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला, मखमलीत ठेवलेला, ज्याच्यावरची धूळ पुसायलाही तुम्ही आईला हात लावू देत नव्हतात. आपल्याकडे त्या दिवशी घरातलं चांगलं ते बाहेर निघतं. पांढरी साडी निघते, कडक इस्त्रीचा सदरा निघतो, आणि तुमच्या मते त्या दिवशी तो माइकही निघायला हवा होता. मला ते कळत होतं. पण माइक म्हणजे सदरा नव्हे. तो नाजूक कानाचा, ढोलक, हार्मोनियम, टाळ्या, सगळं गोळा करणारा. आपल्याच भोंग्यांचा आवाज पुन्हा त्यात शिरणार आणि शिट्टी वाजणार, हे मी तुम्हाला तिथेच उभी राहून सांगितलं. तुम्ही तो अँपपासून सहा फुटांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर उभा केलात. म्हणालात, "गिटारले श्वास घेऊ दे."

संध्याकाळी दुसऱ्याच गाण्याला शिट्टी वाजली. बायांनी पोरांच्या कानांवर हात ठेवले, गायक थांबला. तुम्ही निवेदकाच्या हातातून माइक घेतलात. "माफी करा मंडळी, आमच्या पोरीनं घोळ केला. शिकून राहिली अजून." सगळं मैदान हसलं. मी आवाजाच्या मिक्सरमागे उभी होते, तिथून हलता येत नव्हतं. मग तुम्ही स्वतः चेपका माइक नेऊन लावलात. मी पाहत होते. जाळीपासून दोन बोटं, जरा कडेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, तुम्ही चहा पिता आहात, आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "आता परीक्षेचा अभ्यास कर. सामानाले हात लावू नको." आईने विचारलं, "तिनं काय केलं?" "तिलेच विचार," म्हणालात. त्यानंतर तुमच्या सामानाच्या गाडीत मी कधी बसले नाही. एकतीस वर्षं मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. ध्वनीच्या लहरी फळ्यावर काढल्या, खडूने.

आता तुमच्या कॅसेटी. अंजनगाव, वलगाव, शेंदूरजनाघाट, पुन्हा अकोला. त्या जयंतीनंतरच्या प्रत्येक कार्यक्रमात गिटार जवळून येते, भरलेली, कुठेही शिट्टी नाही. माइक कुठे ठेवलाय ते मला कानाने कळतं, बाबा, तुम्हीच तो कान दिला. शेवटच्या कॅसेटीत गाणं संपल्यावर कोणीतरी विचारतो, "दादा, गिटार मस्त येऊन राहिली, काय केलं?" आणि तुमचा आवाज, आरामात, "अनुभव आहे बापू." मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. कोणाचा अनुभव? तुम्हाला माझं नाव घ्यायचं नव्हतं तर नसतं घेतलं. निदान मला गाडीत तरी परत बसवायचं होतं.

निवृत्त झाल्यावर मी घरामागच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय केली आहे. तुमचा कन्डेन्सर दुरुस्त करून घेतला, पण वापरला कधी नव्हता. काल अंजनगावची एक शिक्षिका गिटार आणि अँप घेऊन आली. मी नेहमीप्रमाणे मंचावर वापरतात तसला माइक लावला, दोन बोटांवर, कडेला. आवाज स्वच्छ आला आणि मेलेला आला, खोक्यात बंद केल्यासारखा. अर्धा तास मी इकडे तिकडे सरकवत राहिले. शेवटी मखमलीचा डबा उघडला. खोलीत भोंगे नव्हते, ढोलक नव्हतं, आम्ही दोघी आणि शांतता. सहा फुटांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवला.

गिटारने श्वास घेतला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

दोन्ही माइक चालू ठेवले, पण मिसळताना तुमच्याच माइकचा आवाज वर ठेवला. ऐकताना तिने हेडफोन काढले आणि विचारलं, "मॅडम, इतक्या दूर माइक ठेवायचा हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "अनुभव आहे."

हे पत्र माइकखाली, मखमलीच्या डब्यात ठेवते आहे. ती शनिवारी परत येणार आहे. तेव्हा तुमचं नाव सांगेन असं इथे लिहिणार होते, पण खात्री नाही.