शर्यती वेळेवर झाल्या

मँडव्हिल, सोमवार

तीर्थरूप लासेल्सकाका यांस,

ॲव्हरिलचा गुडघे टेकून नमस्कार (तुमचा डावा गुडघा नवा बसवलाय आणि अजून नीट वाकत नाही असं कळलं, म्हणून तुमच्या वाटचाही मीच टेकते आहे). फ्लोरिडात मर्लीनकडे तुमचं सगळं ठीक असेल अशी आशा आहे. तिथल्या याम कंदाला चव नाही आणि तिथली हिरवी केळी उकडली की साबणासारखी लागतात, ही तुमची तक्रार मर्लीनने फोनवर कळवली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तुम्ही योना आणि माशाची गोष्ट सांगायला घेतलीत, आणि योना माशाच्या पोटातून बाहेर पडेपर्यंत त्या बिचारीची पुढची दोन घरं बुडाली, हेही तिनेच सांगितलं. ऐकून माझा जीव भांड्यात पडला. गुडघ्याचं काय, दुसरा मिळतो. आवाज शाबूत आहे हे महत्त्वाचं. का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

काका, मी अजून सावरलेली नाही. शनिवारी कॉलेजांच्या विभागीय शर्यती होत्या, आणि त्या वेळेवर झाल्या. हे वाक्य पुन्हा वाचा, हवं तर मर्लीनला मोठ्याने वाचायला सांगा. वेळापत्रकात दुपारी दोन छापलं होतं आणि दोन वाजता बंदूक वाजली. मी तेव्हा स्टँडमागे कोंबडी खात होते (मी एकटी नाही, चार कॉलेजांचे कोच तिथेच होते), आणि आवाज ऐकून आम्हाला वाटलं गॅसची टाकी उडाली. माझी अडथळ्यांच्या शर्यतीतली मुलगी तेव्हा अजून बसमध्ये वेण्या घालत होती.

हे कसं झालं ते सांगते. यंदा शर्यतींची प्रमुख म्हणून मिसेस बेकफर्डना नेमलं. तुम्ही ओळखत नसाल, टेकडीवरच्या नव्या पांढऱ्या बंगल्यात राहतात. पस्तीस एक वर्षं इंग्लंडमधल्या इस्पितळात मुख्य नर्स होत्या, आता पेन्शन, गुलाबाची झाडं आणि चिनी मातीची कपबशी घेऊन मायदेशी परतल्यात. इंग्लंडहून परतलेली माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत, पण ती वर्षभरात सुधारतात. या नाही सुधारल्या. गळ्यात स्टॉपवॉच, हातात छत्री. उद्घाटनाच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पाद्रीबुवांकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की बुवा एका श्वासात 'हे प्रभू'पासून 'आमेन'पर्यंत जाऊन खाली बसले. आणि प्रमुख पाहुणे म्हणून तुमच्या जागी आलेले विम्याचे साहेब 'धावा, पोरींनो' एवढंच बोलले. तुमच्या खुर्चीवर बसून, काका.

आता तुम्ही म्हणाल, वेळेवर झालं तर ॲव्हरिलला पोटदुखी का? जिने सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी आयुष्य वेचलं, जागतिक अंतिम शर्यतीत पाचवी आली (अजून बाजारात भाजीवाल्या मला 'ए पाचवी' म्हणूनच हाक मारतात), निवृत्तीनंतर जी पोरींच्या मागे शिटी घेऊन 'उशीर, उशीर' म्हणून ओरडत फिरली, तिने उशिराची भीक का मागावी? तर झिपोरामुळे.

झिपोरा म्हणजे मिस इसिल्डाची नात. मिस इसिल्डा तुम्हाला आठवत असतील. तुमच्याच चर्चमध्ये गायच्या, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा बहिरा म्हातारा मान डोलवायचा. मग एका रविवारी त्या उठल्या आणि कायमच्या शनिवारवाल्या चर्चमध्ये गेल्या. तुम्ही इतकी वर्षं म्हणत आलात की हा शब्बाथाच्या, म्हणजे देवाचा विश्रांतीचा वार शनिवार की रविवार या, सिद्धांताचा प्रश्न होता आणि त्यावर तुम्ही तीन रविवार प्रवचनही दिलंत. असो. तर त्यांच्या घरी शुक्रवारी सूर्य मावळला की चूल बंद, काम बंद, धावणं बंद, ते शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. आणि आमच्या सगळ्या अंतिम शर्यती शनिवारी. गेल्या वर्षी ही पोरगी माझ्याकडे आली तेव्हाच मी आजीबाईंच्या अंगणात बसून शब्द दिला, की सूर्य मावळायच्या आत झिपोरा धावपट्टीवर पाऊल ठेवणार नाही. मला हा शब्द द्यायला काहीच जड गेलं नाही. शेवटची रिले साडेपाचला छापलेली असते, सूर्य सव्वासहाला मावळतो, आणि आपल्याकडे साडेपाचची रिले दिवे लावून, किडे झटकत होते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यात तुमच्या भाषणाचा वाटा किती मोठा होता हे मला शनिवारीच कळलं.

चार वाजता माझ्या लक्षात आलं की ही बाई आज खरोखर सगळं साडेपाचला संपवणार. मग मी जे केलं ते कोचला शोभणारं नव्हतं. आधी मी एक तक्रार दाखल केली, की तिसऱ्या पट्टीतल्या मुलीने रेघेवर पाय दिला. मुलगी माझीच होती, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. मिसेस बेकफर्डनी तक्रार उभ्याउभ्या मान्य केली, माझ्याच मुलीला बाद केलं आणि म्हणाल्या, "तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, मिस पिनॉक. पुढची शर्यत." मग मी मागचं फाटक हळूच उघडं टाकलं. बाहेर नेहमीच्या शेळ्या उभ्या असतातच, त्या आत आल्या. एरवी आपल्याकडे शेळ्या हाकलायच्या म्हणजे आधी त्या कुणाच्या यावर वाद, मग मालकाला निरोप, मग मालकाचा अपमान, मग समेट. पाऊण तास निश्चिंती. बेकफर्डबाईंनी छत्री उघडली, मिटली, आणि शेळ्या आल्या वाटेने परत गेल्या. माझी एकही अडथळेवाली इतक्या चपळाईने वळत नाही.

झिपोरा कुंपणाबाहेर आजीशेजारी उभी होती. दोघी सकाळपासून चर्चमध्ये होत्या, तिथून थेट आलेल्या. पांढरा झगा, डोक्यावर हॅट, हातातल्या पिशवीत स्तोत्रांचं पुस्तक आणि खिळ्यांचे बूट. सगळं मैदान धावपट्टीकडे बघत होतं आणि या दोघी पश्चिमेकडे. मी गेले आणि म्हटलं (मला लाज वाटते, पण म्हटलं), की मिस इसिल्डा, आभाळ भरून आलंय, सूर्य कुठे दिसतोय, गेलाही असेल.

"ढगामागे आहे तो," आजीबाई म्हणाल्या. "मी डोंगरामागे राहते. म्हणून मी मेले का गं?"

मी झिपोराकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "कोच, तुम्ही आजीला शब्द दिलाय. मी तिच्याही वरच्याला दिलाय. मला नका ना विचारू."

काका, अशा पोरीला काय विचारणार? परत येऊन मी रिलेच्या शेवटच्या टप्प्यासाठी झिपोराच्या जागी टेमोयाला उभं केलं. टेमोया गोळाफेक करते. माणूस सोन्यासारखं, पण धावायचं म्हणजे तिला बसमागे धावल्याचीच सवय. साडेपाचला बंदूक वाजली. पहिल्या तिघी माझ्याच तालमीतल्या, जमिनीवर लावलेल्या चिकटपट्टीच्या खुणेवर मागून येणारीचा पाय पडताच सुटायचं आणि मागे वळून बघायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. टेमोयाच्या हातात बॅटन आलं तेव्हा आम्ही पहिल्या होतो. तिने सवयीने ते मानेखाली धरलं, गोळा धरतात तसं, आणि मला वाटलं आता ही ते फेकणार. फेकलं नाही, पण आम्ही पहिल्याच्या चौथ्या झालो. तेवढ्यात आमच्या पुढच्या, तिसऱ्या नंबरवरच्या मुलीने 'ही केवढी कोण येतेय' म्हणून मागे वळून बघितलं, तिचा पाय रेघेबाहेर गेला, आणि ती बाद. आम्ही तिसऱ्या, म्हणजे किंग्स्टनच्या राष्ट्रीय अंतिम फेरीत. टेमोया गवतावर पडून रडत होती आणि मला सॉरी म्हणत होती.

खरा धक्का यानंतरचा. सगळे सामान आवरत होते. सूर्य गेला. आजीबाईंनी खात्री करून मान हलवली तशी झिपोराने हॅट आजीच्या हातात दिली, बूट चढवले, झगा गुडघ्यावर बांधला आणि रिकाम्या धावपट्टीवर एकटी उभी राहिली. माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. दिवसभर अंगात कोंडलेलं तिला धावून मोकळं करायचं होतं. मी सवयीने घड्याळ दाबलं. ती शंभर मीटर धावली. मी घड्याळात पाहिलं आणि खाली बसले.

मला वाटलं घड्याळ बिघडलं. इतक्यात शेजारी छत्री टेकल्याचा आवाज आला. मिसेस बेकफर्डनीही आपलं घड्याळ दाबलं होतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. दोन्हींत फरक नव्हता. त्या वयात मी याच्या जवळपासही नव्हते, काका, आणि मी जगात पाचवी आले होते. बेकफर्डबाई म्हणाल्या, "पाऊण तास आधी का नाही धावली ही?" मी त्यांना कारण सांगितलं. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "नियम तो नियम. तिचाही आणि माझाही."

किंग्स्टनला परदेशी कॉलेजांची माणसं येतात, हे तुम्हाला सांगायला नको. मीही तशीच उचलली गेले होते. त्यांनी या पोरीला धावताना बघितलं नाही तर ती पुढच्या वर्षी चुलतबहिणीच्या दुकानात पाव विकत असेल. या विचाराने माझी झोप उडाली आहे. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीस जपावे, गुडघ्याला शेक द्यावा, मर्लीनला आणि मुलांना गोड पापा.

तुमची पुतणी,
ॲव्हरिल

ता. क. किंग्स्टनची रिलेही शनिवारी साडेपाचलाच आहे. आपल्या शर्यती वेळेवर झाल्याचं ऐकून वरची समिती इतकी हादरली, की तिथेही मिसेस बेकफर्डनाच बोलावलंय. मात्र रिलेआधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण आहे, आणि नियमपुस्तकात पाहुण्यांना थांबवण्याचं कलम नाही (त्यांनी स्वतः शोधलं, आणि मला मुद्दाम फोन करून कळवलं). मी तुमचं नाव देऊन टाकलंय. विमान आहे, गुडघ्यासाठी खुर्ची आहे, पण तुम्ही उभ्यानेच चांगले बोलता. योना घ्या. मासा सावकाश पोहू द्या.

ता. क. दुसरा. आजीबाईंची परवानगी घ्यायला आज गेले होते. त्यांना तुमचं नाव सांगितलं तर कितीतरी वेळ हसल्या. काका, तुमची क्षमा मागून लिहिते, तो सिद्धांताचा प्रश्न नव्हता. त्या रविवारी त्या चुलीवर नारळाच्या दुधातला भात आणि घेवडा ठेवून चर्चला आल्या होत्या, तुमचं प्रवचन संपून घरी पोचल्या तेव्हा शेजारी बादल्यांनी पाणी ओतत होते. मी विचारलं, मग बोलावू ना त्यांना? तर डोळे पुसत म्हणाल्या, "बोलाव, बाई. त्या माणसाने सकाळी तोंड उघडून सूर्य बुडवलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. त्या दिवशी सूर्य बुडाल्यावरही मी चूल पेटवणार नाही."