शंभर टक्के भरलेली बॅटरी

२९ मार्च, शनिवार
छतावर दहा पॅनल बसले. बॅटरी गॅरेजमध्ये, उदयची सायकल होती त्या भिंतीला. सायकल आत पॅसेजमध्ये आणली. येता-जाता पेडल पायाला लागतं. लागू दे.

मालविकाशी करार पक्का. सप्टेंबरअखेरपर्यंत घराची निम्मी वीज घरच्या घरी निघाली, तर मी इथेच लंडनला, वेम्बलीत राहायचं. नाही निघाली तर हिवाळ्याआधी रीडिंगला, लेकीकडे. त्यांच्या गॅरेजवर एक खोली रिकामी आहे. हे सगळं कशावरून, तर गेल्या जानेवारीत ती न सांगता आली आणि मी स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून वाचत बसले होते. हीटिंग बंद. ती रडायलाच लागली. कोट उदयचा, तिच्या बाबांचा होता, चांगला उबदार होता. त्यात रडण्यासारखं काय?

पॅनल बसवणारा शशिधर नागपूरचा निघाला. म्हणाला, काकू, लाइट गेली तरी घर चालू राहायला पाहिजे असेल तर वेगळी पेटी लागते, बसवून देऊ का? म्हटलं, अरे, अडतीस वर्षांत इथे वीज दोनदा गेली. पेटी नको. त्याने फॉर्मवर टिक केली, मी सही केली.

३ एप्रिल, गुरुवार
मॅन्युअल वाचायला घेतलं. चौऱ्याऐंशी पानं. इंग्रजी मी ईलिंग रोडच्या लायब्ररीत बसून शिकले, मला मॅन्युअलची भीती नाही. मालविका म्हणते, आई, यूट्यूबवर बघ. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी यूट्यूब.

पान एकतीसवर रिझर्व्ह. म्हणजे अडीअडचणीसाठी बॅटरीत किती वीज राखून ठेवायची. कंपनीने वीस टक्के ठेवलं होतं. अडचणीला वीस? यांच्यात कुणी घर चालवलेलं दिसत नाही. आमच्या घरी पिठाचा डबा अर्ध्यावर आला की दळण निघायचं. शंभर केलं. पुढची पानं सवडीने.

६ एप्रिल, रविवार, संध्याकाळी
फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मोठ्या हिरव्या अक्षरांत १००%. तीन दिवसांत! मालविकाला कळवलं. मग जावयाने फोन घेतला. अवधूत आयटीतला, त्याला सगळ्याची शंका. आई, शंभर टक्के? एप्रिलमध्ये? म्हटलं, आकडा समोर आहे. तर म्हणतो, बिल बघितलंत का?

बिलं उदयच्या ईमेलवर येतात. खातं अजून त्याच्याच नावावर आहे. पासवर्ड मला माहीत आहे. तो गेल्यापासून दोन वर्षांत वेळ झाला नाही, इतकंच.

११ मे, रविवार
शेजारच्या नीनाबेनने कुंपणावरून विचारलं, सुनीतीबेन, तू वॉशिंग मशीन अंधार पडल्यावर का लावतेस? तिला नीट समजावलं. दिवसाचं ऊन बॅटरीत जाऊ द्यायचं, मध्ये हात घालायचा नाही. कामं सूर्य मावळल्यावर. ती म्हणाली, तेव्हा मशीन कशावर चालतं? बॅटरीवर, म्हटलं.

आज दोन मशीन कपडे धुतले, चादरींना इस्त्री केली, ओव्हनमध्ये शेंगदाणे भाजले. मग अ‍ॅप बघितलं. तरी शंभर! काय दणकट माल आहे.

२१ जून, शनिवार
वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मंदिराच्या हॉलमध्ये ज्येष्ठ मंडळींपुढे बोलले. विषय, घरची सौरऊर्जा: स्वानुभव. वीस मिनिटं दिली होती, पस्तीस घेतली. वैजयंती शेंडेने विचारलंच, या देशात ऊन असतं कुठे? म्हटलं, सूर्य इथेही रोज येतो, फक्त कोट घालून येतो. हशा पिकला. कुणीतरी विचारलं, पैसे किती वर्षांत वसूल होतात? म्हटलं, हा प्रश्न नंतरचा, आधी वृत्ती पाहिजे. टाळ्या. उदय असता तर मागच्या रांगेतून घड्याळ दाखवत बसला असता.

१७ ऑगस्ट, रविवार
चार दिवस पाऊस. बॅटरी शंभर. आजूबाजूच्या चार घरांना सांगून ठेवलं, कधी वीज गेली तर संकोच करू नका, सरळ माझ्याकडे या.

मालविकाचा फोन. म्हणाली, आई, जिंकलीस तू. ती खोली मी ऑफिससाठी घेते मग. तुझ्यासाठी फिकट पिवळा रंग आणला होता, तोच लावते आता. म्हटलं, लाव. जिंकल्यावर माणसाला जरा दमल्यासारखं होतं. लवकर झोपले.

२८ सप्टेंबर, रविवार
सकाळी ९. आज विजयाचं जेवण. मालविका आणि अवधूत निघालेत. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवड्या, सगळं इंडक्शनवर, स्वतःच्या सूर्यावर. आकाश निरभ्र. बॅटरी शंभर.

११:२०. डाळीची दुसरी शिट्टी होता होता इंडक्शन बंद पडला. फ्रिज गप्प. दिवे गेले.

११:३०. रस्त्याखालची केबल गेली आहे म्हणे, अख्खी गल्ली बंद. उत्तम! याच दिवसासाठी साठवलं होतं. आपली बॅटरी चालू होईलच. जरा वेळ घेत असेल.

११:४५. गॅरेजमध्ये जाऊन आले. बॅटरीवरचा दिवासुद्धा लागलेला नाही. बाहेर लख्ख ऊन आहे.

१२:१०. चारही घरचे लोक चार्जर घेऊन दारात. नीनाबेनने एक्स्टेन्शन बोर्डही आणला होता. मी सांगितलं, सिस्टीम विश्रांती घेते आहे. समोरच्या घरातले गृहस्थ म्हणाले, ऑफ कोर्स, आणि चार्जर मागे लपवला.

संध्याकाळी ६. जेवण झालं. नीनाबेनकडे गॅस आहे. डाळ तिथे शिजवली, पुरण मी वाटलं, पोळ्या तिने लाटल्या आणि पंगतीत सगळ्यांना वेडमी घ्या, वेडमी घ्या म्हणत राहिली. पुरण माझं, गुजराती नाव तिचं. अवधूतने सहा खाल्ल्या. वीज चारला आली. मालविका बॅटरीबद्दल काही बोलली नाही. तिने नुसती पॅसेजमधली सायकल सरळ केली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ ऑक्टोबर, बुधवार
शशिधरला तक्रार करून बोलावलं. बॅटरी बिघडली आहे, बदलून दे. तो लॅपटॉप उघडून एप्रिलपासूनचे आकडे बघत बसला. मग म्हणाला, काकू, बॅटरी बिमार नाही ना. तुम्ही तिला कामच नाही दिलं. एप्रिलपासून ती नुसती भरून बसून राहिली आहे.

रिझर्व्ह शंभर म्हणजे बॅटरीने एक थेंबही सोडायचा नाही. संध्याकाळची सगळी वीज बाहेरूनच येत होती. आणि दिवसाचं माझं ऊन? ते चाललं होतं रस्त्यावरच्या तारेत. म्हणजे आमच्या घरी, म्हणत नीनाबेन हसत सुटली. ती सहज आली होती. बरोबर आहे, म्हणाली, या उन्हाळ्यात माझी केटल फार छान चालली. आणि रविवारचं काय, मी विचारलं. शशिधर म्हणाला, लाइट गेली की ही सिस्टीमही बंद होते, तारेवर काम करणाऱ्याला शॉक नको बसायला. त्याच्यासाठीच ती पेटी होती, काकू. आणि त्याने माझी सही दाखवली.

अडचणीच्या दिवसासाठी ठेवली होती रे, म्हटलं. तर नीनाबेन हसायची थांबली. म्हणाली, अडचणीचा दिवस येऊन गेला ना तुझा. आता कुठल्या दिवसाची वाट बघतेस?

हे काही बोलायचं कारण नव्हतं. चहा केला, तिघांनी घेतला.

सहा महिन्यांत घरच्या विजेचा वाटा एकवीस टक्के. शशिधरने दोनदा मोजून दिला.

२ ऑक्टोबर, गुरुवार
उदयचं ईमेल उघडलं. बिलं सगळी होती, दर महिन्याची, मागच्या वर्षीपेक्षा नावाला कमी. दुकानांची, बँकेची पत्रं. कुणीतरी त्याला सायकल-क्लबच्या सहलीला बोलावत होतं, गेल्याच आठवड्यात. त्यांना उत्तर लिहिलं. दोन ओळींचंच, पण तासभर लागला.

रिझर्व्ह दहावर आणलं. हिरवा आकडा संध्याकाळभर खाली उतरत होता. नव्वद, बहात्तर, पन्नास. बघवेना, म्हणून फोन उशीखाली ठेवला आणि पुढच्या खोलीतला हीटर लावून बसले. खोली गरम झाली. दोन वर्षांत तिथे बसले नव्हते.

५ ऑक्टोबर, रविवार
मालविकाला एकवीस टक्के सांगितले. ती म्हणाली, आई, खरंच जाऊ दे, करार विसर, राहा तिथे. म्हटलं, असं कसं, करार म्हणजे करार. पण मी काही हरून येत नाही. हिवाळ्यापुरती येते, कामासाठी येते. अवधूतला फोन दे.

अवधूतला विचारलं, तुमच्या छताचं तोंड कुठल्या दिशेला? दक्षिणेला, म्हणाला. झाडं? नाहीत. मग तुमच्याकडे पॅनल आणि बॅटरी दोन्ही पाहिजे, म्हटलं, आणि या बाबतीत चुका कुठे होतात ते मला सविस्तर माहीत आहे. मार्चपर्यंत मी तिथे राहून सगळं मार्गी लावते.

तो म्हणाला, आई, नक्की या, पॅनलचं सगळं तुमच्याच सल्ल्याने करू. फक्त हीटिंगचं अ‍ॅप माझ्या फोनवर राहील.