कावळ्याचं पान आणि कबुतरं

सोमवार, १४ सप्टेंबर १९९८, आचोळे

आज आईचं पितृपक्षातलं पहिलं पान गच्चीवर ठेवलं. कावळा टाकीवर बसून, मान तिरकी करून नुसता बघत होता. तेवढ्यात कबुतरं उतरली. काका ओरडले, "अरे, हाकल त्यांना! कावळ्याचं पान आहे, धर्मशाळा नाही!"

माझा हात उठलाच नाही. कावळा पारखून घेतो. कबुतरं मात्र भोळी, मान वर न करता टिपत राहतात. आई रोज त्यांना ज्वारी टाकायची, सोसायटीची बोलणी खाऊन.

कावळा तसाच उडाला. तो शिवला नाही, म्हणजे आईला पोचलं नाही, असं काकांचं म्हणणं. "दुसरं पान वाढ," म्हणाले. मी नको म्हटलं. कबुतरं अजून टिपत होती. त्या तिरक्या मानेच्या कावळ्याने आईला कधी पाहिलं तरी होतं का?