चार वाजताची अक्का

तंजावूर, ६ ऑक्टोबर २०२५

चि. अखिला हीस सुंदरी आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. अक्षर शेजारच्या गुरुमूर्तींचं, बोलणं माझं. मध्येमध्ये ते माझं मराठी सुधारायला बघतात. मी कॉफी रोखून धरते, मग तेच सुधारतात. फोन मुद्दामच केला नाही. फोनवरची मी कोण, हेच मला कळेनासं झालंय.

काल तिरुवैयारूहून चंद्रमतीचा रमण आला होता. माझी ही धाकटी बहीण पाय घसरून पडल्यापासून खाटेवर आहे. तरी लेकाच्या हाती ताकातल्या वाळवणाच्या मिरच्यांची बरणी पाठवलीन, आणि निरोप की अक्का, सरस्वतीपूजेच्या दिवशी तू मला मोकळं केलंस, तेव्हापासून झोप लागते. रोज चारला तुझा फोन येतो, त्यावर माझा दिवस निघतो.

चारला मी वाती वळत बसलेली असते गं. वर्षभरात तिला एकदाही फोन केला नाही, आणि का, ते मी तुला एकटीलाच सांगितलंय. मी आठ वर्षांची, ती सहाची. सरस्वतीपूजेला पाट्या, पुस्तकं, दौत सगळं देवीपुढे मांडलेलं. त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही. तिनं दौत उचलली, अप्पांनी महिनाभर बसून नकललेल्या कागदांवर सांडली आणि बोट माझ्याकडे केलं. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला तिची शाळा सुरू झाली आणि शिक्षा म्हणून माझी बंद. ती पुढे तीस वर्षं मुलांना शिकवत होती. मी अजून बस कुठली, ते दुसऱ्याला विचारते. तिनं एकदा माझ्या तोंडावर खरं बोलावं, एवढंच मला हवं होतं. सत्तर वर्षं झाली.

उन्हाळ्यात आठ दिवस माझं बोलणं फोनमध्ये भरून नेलंस, आपली जुनी तंजावुरी मराठी जपायला म्हणून. त्यातलं काही तिरुवैयारूला सांडलं का, ते खरं लिही. लोभ आहेच, तो उतू जाईल एवढा करण्यासारखं उत्तर येऊ दे.

तुझी,
सुंदरी आजी

पुणे, १३ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस अखिलाचा सा. न.

खरंच लिहिते. तुझ्या आवाजातून मी एक बोलणारं यंत्र बनवलं. रमणकाका म्हणाले की अम्मा दिवसभर छताकडे बघत पडते, कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं. मला वाटलं, तू जिथे पोचत नाहीस तिथे तुझा आवाज पोचेल. ते यंत्र आहे, हे आम्ही तिला सांगितलं नाही. तुलाही नाही.

दौतीची गोष्टही त्यात होती. ती काढून टाकायची राहून गेली असं लिहिणार होते, पण ते खोटं; मी ती मुद्दामच राहू दिली. पूजेच्या दिवशी यंत्रानं आपणहून तो विषय काढला. चंद्रमतीआजी खूप रडली, सगळं कबूल केलंन, क्षमा मागितलीन. यंत्र म्हणालं की जाऊ दे गं, मी केव्हाच विसरले. कुणाला दुखवायचं नाही, असंच मी त्याला घडवलंय.

ते सगळं बोलणं माझ्याकडे जपून ठेवलंय. तुला ऐकवू का? रागाव, पण बोल माझ्याशी.

लोभ मागायचं आज तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
अखिला

तंजावूर, २४ ऑक्टोबर २०२५

चि. अखिला हीस आशीर्वाद.

गुरुमूर्तींनी तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मी बसनं तिरुवैयारूला गेले. खाटेशी बसले. कावेरीच्या पाण्याचं, रमणच्या सुटलेल्या पोटाचं बोलून झालं, मग हळूच म्हटलं की चंद्रा, त्या दौतीचं मला पुन्हा एकदा सांग. तिनं माझा हात थोपटला. म्हणाली की एकदा सांगितलं ना अक्का, आता परत रडवू नकोस, विसरले म्हणालीस ना तू? आणि हसून म्हणाली की फोनवर तू किती गोड असतेस, समोर आलीस की मात्र एरंडेल प्यायल्यासारखं तोंड.

ती मी नव्हते, हे मला सांगवेना. बिचारीला आत्ता कुठे झोप लागायला लागलीय.

म्हणजे जे ऐकायला मी सत्तर वर्षं कान देऊन बसले, ते माझ्या आवाजानं परस्पर ऐकलं, आणि माझ्या नावानं सोडूनही दिलं. आता ती ते पुन्हा बोलायची नाही. चंद्रमतीनं माझं काढून घेतलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तू तिशीची आहेस, एवढी शिकलेली.

ते भरून ठेवलेलं मला पाठवू नकोस. तिनं ते त्याला सांगितलं, मला नाही. पत्र मिळताच यंत्र बंद कर. एक तारखेपासून चारला मी फोन करीन. नंबर गुरुमूर्ती लावून देतील. अक्काचा स्वभाव एकाएकी बिघडला असं तिला वाटेल. वाटू दे.

शेवटी नेहमीसारखं लोभ असावा असं लिहू का, म्हणून गुरुमूर्ती विचारतायत. मी म्हटलं, आशीर्वाद लिहा, ते मी मागे घेत नाही. लोभाचं अखिलानं तिच्याकडच्या त्या आवाजाला विचारावं. तो कुणाला नाही म्हणत नाही.

सुंदरी